रंग कापडावर की कापडात

गिऱ्हाईक टी-शर्ट हातात घेतं, चित्राचा कोपरा नखानं खरवडून बघतं आणि विचारतं, "ताई, धुतल्यावर जाणार तर नाही ना?" इचलकरंजीत माझा छपाईचा छोटा कारखाना आहे. दिवसभरात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. मी त्याचं उत्तर दोन प्रकारे देते. एक गिऱ्हाइकाला, चटकन, किती धुण्यांपर्यंत टिकेल ते सांगून. दुसरं माझ्या मनाशी, आणि ते अजून पुरतं दिलेलं नाही. कारण विचारणाऱ्याला माहीत नसलं तरी तो फार जुन्या वादाच्या तोंडाशी उभा असतो. रंग ही कापडाची स्वतःची गोष्ट आहे, की कुठून तरी येऊन त्याच्यावर टेकलेली?

बी.ए.ला मी संस्कृत घेतलं होतं आणि अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह अभ्यासाला होता. आठल्ये आणि बोडस यांची १८९७ साली मुंबईत निघालेली आवृत्ती सर वर्गात घेऊन यायचे. इचलकरंजीच्या पोरांना ते पुस्तक सोपं जायचं, असं मला आजही वाटतं. त्यात पानोपानी कापड आहे. धागे हे कापडाचं समवायी कारण, धाग्यांचा रंग हे कापडाच्या रंगाचं असमवायी कारण, आणि माग, धोटा वगैरे निमित्त कारण. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आमच्या गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून इथली हवाच त्या खडखडाटाची आहे. वर्गाच्या खिडकीतून तो आवाज यायचा आणि फळ्यावर तंतू आणि पट लिहिलेलं असायचं. निमित्त कारण आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचं, म्हणणं थोडक्यात असं. रंग हा गुण आहे, आणि गुण कधी मोकळा राहत नाही. त्याला द्रव्याचा आधार लागतो, आणि त्या आधाराशी त्याचं नातं समवायाचं असतं, म्हणजे वेगळं काढताच न येणारं. दोन वस्तू एकमेकींना टेकतात, सुटतात, तो संयोग. संयोग द्रव्याद्रव्यांत होतो. गुण मात्र एका द्रव्यातून उठून दुसऱ्यात जाऊन बसत नाही. पुढे मी छपाईत आले आणि हे वाक्य मला छळायला लागलं. लाल रंग डब्यात असतो, संध्याकाळी तो शर्टावर असतो. गुण जागा सोडत नसेल, तर मी दिवसभर नेलं काय?

आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतो तो प्लास्टिसॉल. पीव्हीसीचे बारीक कण एका तेलकट द्रवात मिसळलेले असतात. फ्रेमची जाळी ताणलेली, तिच्यावर इमल्शनचा थर, आणि उजेड देऊन चित्रापुरता तो थर उघडा केलेला. वरून स्क्वीजी, म्हणजे रबराची पट्टी, ओढली की उघड्या छिद्रांतून शाई खाली उतरते. काळ्या शर्टावर लाल छापायचा असेल तर आधी पांढऱ्याचा थर द्यावा लागतो, नाहीतर लाल मरतो. त्या पांढऱ्यासाठी जाळी जाड लागते, सेंटिमीटरला चाळीसेक धाग्यांची. मग शर्ट भट्टीतून जातो. शाई सुमारे १६० अंशांपर्यंत तापली की कण तो द्रव पिऊन फुगतात, एकमेकांत मिसळतात आणि एक अखंड पापुद्रा तयार होतो.

इथे उत्तर सोपं आहे. लाल रंग त्या पापुद्र्याचा आहे. शर्ट खालून काळाच आहे, त्याच्या रंगाला धक्काही लागलेला नाही. मी एक द्रव्य दुसऱ्या द्रव्यावर ठेवलं, म्हणजे संयोग घडवला. पिग्मेंट शाईचंही तसंच, फक्त तिथे चिकटवणारा बाइंडर वेगळा आणि थर पातळ, म्हणून हाताला कमी लागतो. नखानं खरवडणारं गिऱ्हाईक खरं तर संयोग आहे का समवाय, याचीच परीक्षा घेत असतं. त्याची पद्धत मला मान्य आहे. सुटण्याची शक्यता असते तिथे संयोग, हेच तर शास्त्र सांगतं.

रिॲक्टिव्ह रंगाची गोष्ट निराळी. १९५६ साली इंग्लंडच्या आयसीआय कंपनीनं हे रंग बाजारात आणले. रॅटी आणि स्टीफन या तिथल्याच दोन रसायनशास्त्रज्ञांनी असा रंग शोधला होता की जो सुताच्या सेल्युलोजशी रासायनिक बंधानं जोडला जातो. खळीत सोडा, युरिया आणि समुद्री शेवाळापासून काढलेला अल्जिनेटचा गोंद घालून छापायचं, वाफ द्यायची, आणि मग धुवायचं. वाळल्यावर कापडावर हात फिरवा, छापलेलं कुठे संपतं आणि कोरं कुठे सुरू होतं ते बोटाला कळत नाही. नखाला तर काहीच सापडत नाही. असं कापड मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला वाटलं, हा समवाय. आता हे कापडच लाल झालं.

आमच्याकडे एक डाइंगचे मास्तर आहेत, सत्तरीला आलेले. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, लाल झालेलं कापड मी पुन्हा पांढरं करून दाखवतो." आणि त्यांनी केलंही. रोंगालाइट हे रसायन घालून केलेली डिस्चार्जची, म्हणजे रंग उडवणारी खळ, मग वाफ, धुणं. जिथे खळ लागली तिथला लाल गेला. मला वाटलं माझं म्हणणं कोसळलं. जे काढता येतं ते समवायानं नव्हतंच, असं नैयायिक म्हणेल.

पण नीट विचार केल्यावर उलटंच दिसलं, आणि या निबंधात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. रोंगालाइट रंगाला कापडापासून सोडवत नाही. रंगाच्या रेणूत दोन नायट्रोजनचा जो दुवा असतो, ज्याच्यामुळे तो रंगीत दिसतो, तो दुवा तुटतो. सुताला जोडलेला रेणूचा तुकडा तिथेच राहतो, पण बिनरंगाचा. म्हणजे लाल रंग काढून दुसरीकडे ठेवला असं झालंच नाही. लाल रंग नाहीसा झाला आणि आधार मागे उरला. गुण वेगळा करता येत नाही, फक्त नष्ट होतो, हे जे शास्त्रकार म्हणतात ते मास्तरांच्या वाफेच्या पेटीत माझ्या डोळ्यांसमोर घडलं. काटेकोर नैयायिक यावरही अडवेल. तो म्हणेल, रेणू हे एक द्रव्य, सूत हे दुसरं, त्यांच्यात संयोगच, मग तो कितीही घट्ट असो. त्याला माझं उत्तर असं की त्या बंधानंतर 'आधीचं सूत' आणि 'आधीचा रंग' अशा दोन गोष्टी हातात येतच नाहीत. तिथे तिसरंच काही जन्मलेलं असतं. नव्या द्रव्यात नवा गुण उत्पन्न होतो, हे तर त्याच्याच शास्त्रात बसतं. तेव्हा मी लाल रंग कापडात नेत नाही. तो तिथे जन्मावा एवढी तयारी करते.

ही गोष्ट आपल्या देशातल्या छपाईवाल्यांना रसायनशास्त्राची भाषा येण्याच्या किती तरी आधी हातानं ठाऊक होती. मोहेंजोदारोत चांदीच्या भांड्याला चिकटून मंजिष्ठेनं रंगवलेल्या सुती कापडाचा तुकडा सापडला. मंजिष्ठेचा लाल सुतावर एकटा धरत नाही, त्याला तुरटी लागते. कच्छच्या अजरखमध्ये आजही ठशानं आधी तुरटीची खळ छापतात, आणि मग अख्खं कापड मंजिष्ठेच्या किंवा अलिझरिनच्या उकळत्या पाण्यात जातं. लाल उमटतो तो तुरटी असते तिथेच. ठसा मारणाऱ्यानं लाल छापलेलाच नसतो. लाल कुठे होऊ शकेल ती जागा त्यानं छापलेली असते.

आता भट्टी. वैशेषिकांच्या आणि नैयायिकांच्या भांडणातलं हे प्रकरण मला फार प्रिय आहे. कच्चं मडकं काळसर, भाजल्यावर लाल. हा पाकानं बदललेला रंग, पाकज. बदल नेमका कुठे होतो? वैशेषिक म्हणतात, परमाणूत. आगीच्या माऱ्यानं मडकं परमाणूंपर्यंत सुटं होतं, प्रत्येक परमाणूचा रंग बदलतो आणि मग तेच परमाणू पुन्हा जुळून मडकं होतं, आपल्या ध्यानात यायच्या आत. हा पीलुपाक. नैयायिक म्हणतात, एवढं कशाला? मडक्याला सूक्ष्म छिद्रं असतात, आग आत शिरते आणि अख्खं मडकंच भाजतं. म्हणून तर भाजल्यावरही हे तेच मडकं अशी आपल्याला ओळख पटते. हा पिठरपाक. भट्टीच्या पट्ट्यावर उभी राहून मी नैयायिकांच्या बाजूची झाले. शर्ट अख्खा आत जातो, अख्खा बाहेर येतो, बाही सुटत नाही आणि बटण हलत नाही. आग आत शिरते एवढंच. पण ती पुरती शिरावी लागते. वरून शाई वाळल्यासारखी दिसते, आतला थर मात्र १६० पर्यंत पोचलेलाच नसतो, असं होतं. मग तिसऱ्या धुण्याला चित्राला भेगा जातात. पाक पृष्ठभागावर थांबला तर तो पाक नव्हे, हे मी माझ्या पोरांना शिकवते. 'पाक' हा शब्द ते आता सहज वापरतात.

चार रंगांच्या छपाईकडे आलं की वाद आणखी खोल जातो. फोटो छापायचा असेल तर आम्ही सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार फ्रेम करतो. प्रत्येकीत चित्र ठिपक्यांत फोडलेलं, इंचाला ४५ ते ५५ ओळी, आणि त्यासाठी जाळी बारीक, सेंटिमीटरला १२० धाग्यांपर्यंत. छापलेल्या चेहऱ्यावर भिंग धरलं तर गव्हाळ रंग कुठेही सापडत नाही. गुलाबी ठिपके, पिवळे ठिपके, निळे ठिपके आणि मधे मधे कोरं कापड. भिंग काढून हातभर लांब गेलं की चेहरा गव्हाळ.

मग त्या जागेचा रंग कोणता? तर्कसंग्रहात रंग सात सांगितले आहेत, पांढरा, निळा, पिवळा, लाल, हिरवा, कपिश, आणि सातवा चित्र. हा सातवा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला पुस्तक मिटावंसं वाटेना. प्राचीन नैयायिकांची अडचण प्रामाणिक होती. त्यांच्या मते रंग आपला आधार पूर्ण व्यापतो, एका वस्तूच्या अर्ध्या भागात राहत नाही. अनेक रंगांच्या धाग्यांचं कापड विणलं तर त्या एका कापडाचा रंग लाल म्हणता येत नाही आणि पिवळाही म्हणता येत नाही. काहीच रंग नाही म्हणावं तर ते दिसायला नको, कारण रंग नसलेलं द्रव्य डोळ्याला दिसत नाही. पण कापड तर समोर दिसतंय. म्हणून त्याचा स्वतःचा एक वेगळा रंग मानायचा, तो चित्ररंग.

सातव्या शतकात बौद्ध धर्मकीर्तीनं फुलपाखरासारख्या रंगीबेरंगी किड्याचं उदाहरण घेऊन विचारलं होतं की जे चित्रविचित्र आहे ते एक कसं? नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणींनी तर आपल्याच परंपरेतला चित्ररंग नाकारला. रंग एका भागात असू शकतो, दुसऱ्या भागात नसू शकतो, एवढं मान्य केलं की सातव्या रंगाची गरजच उरत नाही. भिंग हातात असतं तेव्हा मला रघुनाथांचंच पटतं. शिवाय प्राचीनांच्या डोळ्यांसमोर विणलेलं कापड होतं, ज्यात निदान एक धागा एकाच रंगाचा असतो. छापील कापडात एकच धागा इथे लाल, पुढे कोरा, पुढे निळा असतो. त्यांचा नियम धाग्यातच तुटतो.

तरीही मी प्राचीनांना सोडायला तयार नाही. गव्हाळ चेहरा हा भास आहे असं मला म्हणवत नाही. तो शर्ट घालून मुलगा रस्त्यानं जातो, आणि समोरून येणाऱ्या कुणालाही ठिपके दिसत नाहीत, चेहराच दिसतो. अंशांना जे नाही ते अंशीला असू शकतं, हे नैयायिकांचं जुनं धाडस आहे. बौद्ध म्हणतात कापड नाहीच, धागेच आहेत. नैयायिक म्हणतो कापड आहे, आणि ते धाग्यांहून वेगळं आहे. अंगावर घालायला लागतं ते कापड. मी त्या बाजूची आहे.

आणि मग शेजार. मिशेल शेव्ह्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगविभाग सांभाळत होते. तक्रार आली की काळी लोकर फिकी पडते. त्यांनी तपासलं तर काळ्यात दोष नव्हताच. शेजारी निळा आणि जांभळा असला की तोच काळा फिका दिसत होता. त्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८३९ साली निघाला. आपल्याकडे वेदान्ती स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवतात. स्फटिक लाल दिसतो, होत नाही. ती लाली उपाधीची, म्हणजे शेजारून आलेली. शेव्ह्रलची लोकर आणि वेदान्त्यांचा स्फटिक मला एकाच फळीवर ठेवावेसे वाटतात. म्हणून नमुना पास करताना मी तो ट्यूबलाइटखाली दाखवत नाही, दारात उन्हात नेते, आणि शर्टाच्याच कापडावर दाखवते, कागदावर नाही.

याच दारात एकदा एका दिंडीचे चालक उभे होते. वारीसाठी काळे टी-शर्ट हवे होते, छातीवर विठोबा. मी संगणकावर काढलेली मूर्ती दाखवली. बराच वेळ बघून ते म्हणाले, "माऊली, हा काळा झालाय. आम्हाला सावळा पाहिजे." मी निळा वाढवला, थोडा तांबडा घातला, पुन्हा दाखवलं. ते नाही म्हणाले, अगदी नम्रपणे. मास्तर मागून म्हणाले, "ताई, देव छापूच नका. बाकीचं छापा." आम्ही तसंच केलं. तुळशीची माळ हिरवी, पितांबर पिवळा, कपाळावरचा टिळा, वीट, आणि कडेनं अगदी बारीक ठिपक्यांचा निळसर उजेड. देवाच्या अंगावर एक थेंब शाई नाही. तिथे शर्टाचंच सूत. चालकांनी तो शर्ट उन्हात धरला आणि म्हणाले, "हा सावळा."

तो सावळा कुणाचा होता? शाईचा नाही, मी तिथे शाई लावलेलीच नव्हती. कापडाचा म्हणावं तर खांद्यावर तेच कापड नुसतं काळं होतं. शेजारच्या निळ्याची उपाधी होती, पण वेदान्ती ज्या अर्थानं म्हणतो त्या अर्थानं खोटी? माझी श्रद्धा साधी आहे, आणि तिला मी इथे लपवत नाही. मला वाटतं सगुण म्हणजे हेच असावं. आधार तोच, त्याच्यात काही भरलेलं नाही, आणि भोवतीच्या रंगांनी त्याला असं उजळलं की ज्याला बघायचं आहे त्याला तो दिसला. तो खोटा नव्हता. माणसं तो अंगावर घालून पंढरपूरपर्यंत चालत गेली.

इथे थांबले असते तर लिहिणं सोपं झालं असतं. पण गुणाला आधार लागतोच, हा नियम मी मनापासून मानते, आणि तो मला कारखान्याच्या मागच्या गटारीपर्यंत घेऊन जातो. ज्याला मी समवाय म्हणून एवढं डोक्यावर घेतलं, तो रिॲक्टिव्ह रंग सगळाच्या सगळा सुताला जोडला जात नाही. त्यातला काही भाग पाण्याशीच जुळतो आणि मग तो कापडाला कधीच धरू शकत नाही. आधी गार पाणी, मग गरम, मग साबणाचं पाणी, आणि प्रत्येक पाणी रंगीत. वरवर बसणारं प्लास्टिसॉल इतकं पाणी मागत नाही. त्याचा दोष वेगळा, ते प्लास्टिकच आहे आणि मातीत कुजत नाही. पण जो रंग कापडाशी एकरूप होतो, त्याच्याच पायी नदीला जास्त सोसावं लागतं, हे मला फार दिवस पचलं नाही.

गिऱ्हाईक म्हणतं, रंग 'गेला'. नैयायिकाला हे कधीच चालणार नाही. जो रंग नष्ट झाला नाही तो कुठे तरी आहे, आणि जिथे आहे तिथे कुणाच्या तरी आधारानं आहे. इचलकरंजीतून तो आधार पंचगंगा असते. ती पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, दत्ताच्या पादुकांपाशी, आणि लोक तिथे ओंजळ भरतात. विश्वनाथ पंचाननांच्या मुक्तावली या न्यायग्रंथात पाण्याचा स्वतःचा रंग पांढरा मानला आहे. यमुनेचं पाणी काळं दिसतं ते आधारामुळे, ते वर उडवलं तर पांढरंच दिसतं, असा त्यांचा पुरावा. आमच्या हौदातलं पहिल्या धुण्याचं पाणी मी तांब्यानं उडवून पाहिलं आहे. ते लालच खाली येतं.

तेव्हापासून रिॲक्टिव्हचं काम मी फक्त सांडपाणी शुद्ध करण्याची सोय असलेल्या प्रोसेस कारखान्यातून धुऊन घेते, आणि बिलात छपाईखाली धुण्याच्या पाण्याचा खर्च म्हणून वेगळी ओळ लिहिते. त्या ओळीमुळे काही कामं हातची जातात. मास्तरांचं म्हणणं असं की खर्च दरात मिळवून टाकावा, वेगळा दाखवू नये, गिऱ्हाईक बिचकतं. मी म्हणते, नखानं कोपरा खरवडून रंग जाणार का असं विचारण्याचा ज्याला हक्क आहे, त्याला तो कुठे जाणार हेही कळायला हवं. यावर आमचं एकमत झालेलं नाही. ओळ मात्र बिलावर आहे.